बॅटरी मेली म्हणून गाडी विकत नाहीत

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. लॅबमधून निघून मी विद्यापीठाच्या पॅटी लायब्ररीजवळच्या बसस्टॉपवर उभा होतो. तापमान उणे दहाच्या आसपास, त्यात वारा. बस किती मिनिटांत येते ते बघायला हातमोजा काढून फोन हातात घेतला. बॅटरी ४१ टक्के दाखवत होती. बसचं ॲप उघडलं, नकाशावर बसचा ठिपका दिसतो न दिसतो तोच पडदा काळा झाला. बटण दाबून धरलं, तर रिकाम्या बॅटरीचं चित्र क्षणभर उमटलं आणि तेही गेलं. बस येऊन गेली की यायची आहे, काहीच कळेना. पंचवीस मिनिटं तसाच उभा राहिलो. घरी पोहोचेपर्यंत बोटांना संवेदना उरली नव्हती. फोन टेबलावर ठेवला, हात गरम पाण्याखाली धरले. अर्ध्या तासाने फोन पुन्हा लावून बघितला, तर तो ३८ टक्के दाखवत निमूट सुरू झाला.

त्याच रात्री ठरवलं, आता नवा फोन घ्यायचा. आणि घ्यायचाच तर सगळ्यात चांगला घ्यायचा.

मी मूळचा कराडचा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये कर्ज काढून इथे, पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला एमएसला आलो. पुढे इथेच पीएचडीला लागलो. डोंगरांच्या लांबच लांब रांगांमधलं हे गाव म्हणजे जवळपास विद्यापीठच आहे. फुटबॉलच्या शनिवारी एकट्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. एरवी गाव शांत असतं आणि हिवाळा लांबतो. इथे फोनशिवाय पान हलत नाही. बसची वेळ फोनवर, विद्यापीठाच्या खात्यात शिरायची मंजुरी फोनवर, घरभाडं वाटून घ्यायचं तेही फोनवर, आणि भारतातल्या बँकेचा ओटीपी येतो तोही फोनवरच. तो ओटीपी आला नाही तर कर्जाचा हप्ता अडतो. त्यामुळे चांगल्या फोनची गरज खरी होती. प्रश्न एवढाच होता, चांगला म्हणजे केवढ्याचा?

आमच्या लॅबमध्ये आणि घरात मिळून जवळजवळ सगळ्यांकडे आयफोन. माझ्या नागपूरच्या रूममेटने आदल्या सप्टेंबरात आयफोन १५ प्रो घेतला होता. मी दुकानात जाऊन तोच हातात घेतला. टायटॅनियमची चौकट, वजन १८७ ग्रॅम, पडदा लोण्यासारखा सरकणारा. सुंदर वस्तू होती, यात शंका नाही. किंमत ९९९ डॉलर, त्यावर राज्याचा ६ टक्के विक्रीकर, म्हणजे १,०५८ डॉलर ९४ सेंट. विद्यार्थी सवलत विचारली, तर ती लॅपटॉपवर आणि आयपॅडवर मिळते, आयफोनवर नाही.

तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. मनात आपोआप गुणाकार झाला, ८८ हजार रुपये. माझा कर्जाचा हप्ता ३८ हजारांचा. म्हणजे दोन हप्ते भरून वर बारा हजार उरतील एवढा तो फोन होता. विद्यापीठ मला महिन्याला देतं त्यातले हातात २,१०० डॉलर येतात. फोन त्याच्या साधारण निम्मा. 'आता इथे राहतोस तर रुपयांत मोजू नकोस,' असं इथले जुने लोक सांगतात, आणि भाजी-दुधाच्या बाबतीत ते मला पटतंही. पण माझं कर्ज रुपयांत आहे आणि ते फेडणारा मीच आहे. मी रुपयांत मोजणारच.

त्या रविवारी घरी फोन केला. इथली सकाळ, तिकडची रात्र. हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पस्तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली. मी बसस्टॉपवरचा प्रकार सांगितला आणि नवा फोन घेतोय म्हणालो.

"किती वर्षं झाली त्याला?"

"२०२० च्या दिवाळीत घेतलेला. सव्वातीन."

"बाकी काय बिघडलंय?"

"बाकी काही नाही, अण्णा. थोडा हळू चालतो. थंडीत बंद पडतो."

"मग बॅटरी गेलीय. गाडी थंडीत सुरू होत नाही तेव्हा आम्ही आधी बॅटरी बघायचो. बॅटरी मेली म्हणून कोणी गाडी विकतं का?"

मी मटेरियल्स सायन्स शिकतो. लिथियम-आयन बॅटरी थंडीत का दगा देते हे परीक्षेच्या कागदावर मी कितीदा तरी लिहिलंय. आतल्या द्रवातून लिथियमचे आयन पुढे सरकतात, तेव्हा वीज मिळते. थंडीत त्या द्रवातून त्यांची चाल मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. जुन्या बॅटरीत तो रोध आधीच वाढलेला असतो. अशा वेळी पडदा, नेटवर्क आणि नकाशा यांनी एकदम वीज मागितली की दाब झपकन खाली येतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद पडतो. आत वीज शिल्लक असते, ती वेळेवर बाहेर काढता येत नाही. ऊब मिळाली की तोच फोन पुन्हा ३८ टक्के दाखवतो. हे सगळं मला ठाऊक होतं, तरीही त्या रात्री माझ्या डोक्यात आलं ते 'फोन म्हातारा झाला' एवढंच. रोगाचं नाव अण्णांनी कराडहून सांगितलं.

मग मी जरा शोधलं. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं होतं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. त्यावर लोक खूप चिडले. तेव्हा कंपनीने २०१८ चं पूर्ण वर्ष बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २ जानेवारी २०१९ ला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला. त्यासाठी चीनमधली मंदी वगैरे मोठी कारणं होती, पण त्या यादीत हेही होतं, की स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्यामुळे काही ग्राहकांनी नवा आयफोन घेतला नाही. म्हणजे नवा फोन हवा असं वाटणाऱ्या कितीतरी लोकांना खरं तर नवी बॅटरी हवी होती. अण्णांचं वाक्य आणि त्या पत्रातलं कारण एकच आहे.

माझी अडचण अशी, की माझा फोन पुण्यात घेतलेला, भारतात घरोघरी असलेल्या एका कंपनीचा, पण इथे न विकला जाणारा. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे त्याची बॅटरी नव्हती. मागवून बसवायची तर मजुरी धरून जेवढे पैसे तो सांगत होता, तेवढ्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत चार बॅटऱ्या बदलून झाल्या असत्या. शिवाय फोनला सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले होते, आणि बँकेचं काम असलेल्या फोनवर ते चालत नाही. तेव्हा नवा फोन लागणारच होता. पण आता घाई गेली. मी पॉवर बँक सोबत ठेवू लागलो, फोन जॅकेटच्या आतल्या खिशात छातीशी ठेवू लागलो. हिवाळा तसाच काढला. आतल्या खिशात तो एकदाही बंद पडला नाही.

त्या मधल्या काळात मी एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. वहीत एक पान आखलं आणि सात दिवस फोन कशासाठी हातात घेतला ते लिहून काढलं. व्हॉट्सॲपवर घरचा व्हिडिओ कॉल, बस, विद्यापीठाची मंजुरी, बँक, मेल, लॅबच्या वहीच्या पानांचे फोटो, झोपताना मराठी बातम्या, आणि रविवारी डोंगरावर गेलो तर चार फोटो. आठवड्याच्या शेवटी ते पान समोर घेऊन बसलो. प्रत्येक कामापुढे लिहायचं होतं, हे हजार डॉलरच्या फोनवर जास्त चांगलं होईल का? फोटोंपुढे 'थोडं' लिहिलं. बाकी सगळीकडे 'नाही'.

आणखी एक गोष्ट त्या पानामुळे लक्षात आली. ओटीपी. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमकार्डची जागाच नाही, फक्त ई-सिम चालतं. माझं भारतातलं कार्ड जुन्या फोनमध्ये होतं, त्याच नंबरावर बँक. ते इथे बसून ई-सिममध्ये बदलणं जमतं, पण मधेच कुठे अडलं तर नंबर बंद आणि हप्ता चुकला. आमच्यातल्या एकाचं असं झालं होतं, आणि त्याच्या वडिलांना सोलापुरात तीन चकरा माराव्या लागल्या होत्या. मला फोनमध्ये कार्डाची जागा हवी होती. सगळ्यात महागड्या फोनमध्ये माझ्या गरजेची नेमकी तीच गोष्ट नव्हती.

मे महिन्यात गूगलचा पिक्सेल ८ए आला. ४९९ डॉलर, करासकट ५२८ डॉलर ९४ सेंट. एक कार्ड आत बसतं, शिवाय एक ई-सिम. सात वर्षं अपडेट देऊ असं कंपनीचं वचन, म्हणजे २०३१ पर्यंत. हा आणि आयफोन १५ प्रो, दोन्ही फोनांतला फरक नेमका ५३० डॉलर. मी वर्षांचा हिशेब मांडला. मी फोन पाच वर्षं वापरतो असं धरलं, तर हा वर्षाला १०६ डॉलरला पडतो आणि तो २१२ डॉलरला. आयफोन विकताना पैसे जास्त येतात हे खरं आहे, म्हणून त्याचे ३०० डॉलर परत येतील असं धरून पाहिलं. तरीही वर्षाला १५० च्या वरच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ८ए घेतला आणि पूर्ण पैसे भरून घेतला.

रूममेट तेव्हा म्हणाला होता, "काऊन रे, हजाराचा फोन फुकट भेटते तर पाचशे काऊन घालवतोस?" त्याला खरंच फुकट मिळाला होता, निदान तसं सांगितलं गेलं होतं. त्याची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण दर ऑगस्टमध्ये नवी मुलं येतात आणि त्यातली अनेक याच वाटेने जातात.

योजना अशी असते. ९९९ डॉलरचा फोन ३६ हप्त्यांवर, हप्ता २७ डॉलर ७५ सेंट. जुना फोन द्यायचा. दर महिन्याला बिलात हप्ता लागतो आणि तेवढीच सूट वजा होते. म्हणून फुकट. मात्र ही सूट मिळवायला त्या कंपनीचा महागडा प्लॅन घ्यावा लागतो, आणि प्लॅन सोडला की सूट थांबते, उरलेले हप्ते एकदम भरायचे. नव्या विद्यार्थ्याला क्रेडिट हिस्टरी नसते, म्हणून चार-पाच जण मिळून एखाद्या सीनियरच्या नावावरच्या फॅमिली प्लॅनमध्ये शिरतात. रूममेटनेही तेच केलं. त्याला महिन्याला ४५ डॉलर पडायचे. मी १५ डॉलरच्या प्लॅनवर होतो. एमएस दोन वर्षांचं आणि योजना तीन वर्षांची, हे सही करताना कोणाच्याच मनात आलं नाही.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही दोघं एकाच विमानाने मुंबईला उतरलो. माझं भारतातलं कार्ड आधीपासून फोनमध्ये असल्यामुळे मी तिथल्या तिथे घरी फोन लावला. त्याचा फोन हप्ते फिटेपर्यंत कंपनीने लॉक केलेला. त्यावर भारतातला नंबर चालेना. तीन आठवडे तो नागपुरात भावाचा जुना फोन घेऊन फिरला. पुढे मे २०२५ मध्ये तो सीनियर नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला आणि त्याने प्लॅन बंद केला. प्लॅन स्वतःच्या नावावर घ्यायला लागणारी क्रेडिट हिस्टरी रूममेटकडे पुरेशी नव्हती. वीस हप्ते झाले होते, सोळा उरले होते. ४४४ डॉलरचं बिल आलं. त्या रात्री आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून सगळा हिशेब कागदावर मांडला. सुरुवातीला भरलेला कर ६०, महागड्या प्लॅनचे जास्तीचे वीस महिन्यांचे ६००, आणि हे ४४४. एकूण १,१०४ डॉलर. दुकानात रोख दिले असते तर १,०५९ लागले असते, आणि फोन पहिल्या दिवसापासून त्याचा राहिला असता. तो हुशार मुलगा आहे, गणितात माझ्यापेक्षा चांगला. पण गणित मांडावं लागतं, आणि 'फुकट' हा शब्द ऐकला की आपण ते मांडत नाही.

महाग फोन घेणं चूकच, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीची नाशिकची एक मैत्रीण इथे जिऑलॉजी शिकते. तिच्याकडेही १५ प्रो आहे. प्रो फोनच्या पाठीमागे लायडार नावाचा सेन्सर असतो. तो लेझरने अंतर मोजतो, साधारण पाच मीटरपर्यंत. रस्त्यासाठी डोंगर कापला तिथे दगडांचे वळलेले थर उघडे पडलेत. तिथे ती फोन हळूहळू फिरवते आणि काही मिनिटांत त्या कड्याची त्रिमिती प्रतिकृती तयार होते. एकदा तिच्यासोबत गेलो होतो. घरी आल्यावर लॅपटॉपवर तो खडक बोटाने फिरवून ती मला घडी कुठून पडली ते दाखवत होती. या कामाचं वेगळं यंत्र घ्यायचं तर कित्येक हजार डॉलर लागतात. तिने फोन पूर्ण पैसे देऊन घेतला, रोज कामाला लावला. तिच्यासाठी तो स्वस्तच आहे. माझ्या वहीच्या पानावर तिने तिची कामं लिहिली असती, तर उत्तर वेगळं आलं असतं.

फोटोंपुढे मी 'थोडं' लिहिलं होतं, त्याचाही पडताळा मिळाला. १० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री सूर्यावरच्या मोठ्या वादळामुळे इतक्या दक्षिणेलाही ध्रुवीय प्रकाश दिसला. आम्ही तिघं गावाच्या दिव्यांपासून लांब, शेतांच्या कडेच्या रस्त्यावर गेलो. नुसत्या डोळ्यांना आकाशात फिकट तांबूस धूर पसरल्यासारखं दिसत होतं. फोन वर धरले आणि पडद्यावर गुलाबी, हिरवे पट्टे उभे राहिले. रूममेटचा फोन हातात धरूनच झपाट्याने फोटो काढत होता. माझा मी कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवला, हात काढून घेतला आणि वाट पाहिली. शेजारी शेजारी ठेवून बघितलं, तर त्याच्या फोटोतली झाडं जास्त रेखीव होती. आकाश दोन्हींत सारखंच रंगीत होतं. मी दोन्ही फोटो आईला पाठवले. व्हॉट्सॲपने ते आकुंचित केले आणि आईने ते तिच्या छोट्या फोनवर पाहिले. तिचं उत्तर आलं, "आकाश फार सुंदर आहे रे. पण दोन्हींत तू कुठंच नाहीस."

५३० डॉलरचा तो फरक तिला दिसला नाही. मला दिसला होता, पण तो ५३० डॉलरचा वाटला नाही.

अमेरिकेतून कोणी येणार असलं, की गावाकडून 'येताना एक आयफोन आण' असा निरोप येतो. माझ्या आतेभावानेही सांगितलं होतं. १५ प्रो भारतात आला तेव्हा त्याची किंमत १,३४,९०० रुपये होती आणि इथे तो ८८ हजारांना पडत होता, म्हणून मोह होतो. मी त्याला खरं ते सांगितलं. मी २०२४ च्या डिसेंबरात गेलो तेव्हा प्रवाशाला ५० हजारांपर्यंतचं सामान करमुक्त होतं, त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के कस्टम्स. म्हणजे साडेचौदा हजार तिथे गेले. वर कार्डाला जागा नाही, गावातल्या दुकानात सिम बदलून मिळणार नाही, ई-सिमचीच वाट धरावी लागेल. त्याने विचार केला आणि कराडमध्येच, निम्म्याहून कमी किमतीत, बिलासकट फोन घेतला. आजही तो तोच वापरतो.

त्याच डिसेंबरात मी माझा जुना फोन घेऊन तपकीर गल्लीत गेलो. काउंटरमागच्या पोराने हेअर ड्रायरसारख्या यंत्राने मागचं झाकण गरम केलं, पातळ पट्टीने उचकटलं आणि जुनी बॅटरी काढून माझ्यासमोर ठेवली. मधोमध फुगली होती. "दादा, ही अजून वापरत होतात?" तो म्हणाला. नवी बसवली, पैसे दीड हजार रुपये. चाळीस मिनिटांत फोन तयार झाला.

तो फोन आता अण्णांकडे आहे. त्याला अपडेट येत नाहीत, म्हणून बँकेचं, पैशांचं काहीही त्यावर ठेवायचं नाही असं मी त्यांना निक्षून सांगितलंय आणि ते पाळतात. त्यावर ते भजनं ऐकतात, डेपोतल्या जुन्या मित्रांशी बोलतात आणि दर रविवारी रात्री माझा फोन उचलतात. माझ्या ८एला दीड वर्ष झालं. हा त्याचा दुसरा हिवाळा. बसस्टॉपवर अजून एकदाही बंद पडलेला नाही.

तुम्ही महागडा फोन घ्यायच्या विचारात असाल, तर माझी एवढीच विनंती आहे. दुकानात जायच्या आधी सात दिवस वहीत लिहून काढा, की तुमचा फोन काय काय करतो. हातातला फोन नक्की कशाने त्रास देतो ते शोधा, आणि ती बॅटरी निघाली तर आधी बॅटरी बदला. मग किमतीला वर्षांनी भागा. सगळं मांडूनही हजार डॉलरचा फोन तुमच्या कामाला येत असेल, तर रोख पैसे देऊन तो खुशाल घ्या. माझ्या कामाला तो येत नव्हता. त्या ५३० डॉलरचे तेव्हा ४४ हजार रुपये झाले, आणि त्यातून कर्जाचा एक हप्ता वेळेआधी गेला.